कोपर

वर्ग एकशे चौदाची खिडकी उत्तरेला आहे,
तळ्याकडे नाही, टेकडीकडे.
मुलं कुरकुरतात. मी म्हणते, देखावा दुसऱ्यांना दिला,
आपल्याला उजेड दिला.
डुलूथमध्ये नोव्हेंबरात तो साडेतीनपर्यंतच कामाचा,
आणि शाळा तीनला सुटते.

म्हणजे अर्धा तास. त्यात फोटो काढायचे:
चित्र भिंतीला सरळ, तैलरंगावर चकाकी नको,
कडेला कुणाचा अंगठा नको.
पंधरा चित्रं. शेवटची तारीख एक डिसेंबर.
फीमाफीचा अर्ज वेगळा, त्यावर वडिलांची सही,
आणि आयली कोस्केलाचे वडील
लोहखनिजाच्या जहाजावर, कुठल्या बंदरात देव जाणे.

आयलीने चौदा आणली आहेत.
उचलपुलावरचा सूर्यास्त, मोबाइलवरून.
लांडगा, मोबाइलवरून.
कुणा गायिकेचा डोळा, पापणी न् पापणी मोजलेली.
"हे सगळ्यांना आवडतं," ती म्हणते. खरंच आहे,
लांडग्याला जत्रेत निळी फीत मिळाली होती.

बाकीचं कुठाय?
बाकी काही नाही.
काही नाही म्हणता म्हणता दप्तरातून निघतात
सीरियलच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे:
आजोबांच्या दुकानातली आमिषाची बादली,
तळाशी चार मासे, पाणी नुसतं राखाडी सोडून दिलेलं;
आईचे रात्रपाळीचे बूट, जिभा बाहेर;
आणि आजोबा, गळाला दोरा बांधताना,
उजवा कोपर चुकलेला.

चुकलेला म्हणजे हात वाकतच नाही,
रबरी नळीसारखा वळतो.
पण बोटं बघा. गाठ कशी बसते ते बोटांना माहीत आहे.

माझ्या हातात ब्रश होता.

सहा वर्षांपूर्वी असाच एक कोपर होता,
एमेट डुफॉल्टच्या चित्रात, भांडी घासणाऱ्या बहिणीचा.
शुक्रवारी सगळे गेल्यावर मी तो नीट केला.
सात-आठ फटकारे. थोडा रॉ अंबर, थोडा निळा.
सोमवारी त्याला कळलं नाही. किंवा कळलं.
प्रवेश मिळाला, अर्धी शिष्यवृत्ती,
मुख्याध्यापकांनी केक आणला.
ऑक्टोबरात त्याचं पोस्टकार्ड:
"इथे सगळे त्या कोपराचं कौतुक करतात.
मला तो पुन्हा काढता येत नाही."
नाताळला तो घरी आला, मग गेलाच नाही.
माझे हिवाळ्याचे टायर आता तोच बसवतो.
पैसे चोख घेतो, मान वर करत नाही.

कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच.
मला वाटायचं, गूळ कॉलेजवाले लावतात.

म्हणून हात एप्रनच्या खिशात घालते.
"बाही वर कर," मी आयलीला म्हणते. "आरशासमोर बैस.
हा दोरा घे, गाठ मार. हाड कुठे टोचतंय ते बघ."
ती बघते. मग कोळशाने, वर्तमानपत्रावर,
दहा कोपर काढते, सगळे नळ्या.
अकराव्यात हाड आहे. जरासं.

लांडग्यावरून आमचं वाजतं.
"तो जाणार नाही. तो माझा आहे."
मी अर्धा मिनिट विरोध करते, मग गप्प बसते.

निवेदनात तिने लिहिलंय,
मला लहानपणापासून कलेची आवड आहे.
मी म्हणते, हे सगळेच पाठवतात.
ती ते खोडते, बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे बघते,
मग एका बोटाने टाइप करते:
बादलीत पाणी दिसत नाही. मासा हलला की दिसतं.

मी शुद्धलेखनसुद्धा तपासत नाही.

पुठ्ठा भिंतीला टेकवतो, चुकलेल्या कोपरासकट,
शेजारी अकरावा. क्लिक.
कडेला तिचा काळा अंगठा आलाय.
परत काढ, मी म्हणते,
उजेड अजून चार मिनिटं आहे.